चरवीचं वासरू

"परत लाव," सबनीस सर म्हणाले.

मी परत लावलं. हिरव्या पडद्यावर पांढरी चरवी उभी राहिली. गोठ्यात दूध काढायला नेतात तसली, रुंद काठाची, बसक्या बुडाची. मग ती हलायला लागली, सैल झाली, आणि आता हिच्यातून वासरू निघणार असं वाटतंय तोवर आतल्या आत चेपत गेली. मधोमध नुसती उभी चिंधी उरली. मग ती चिंधी पुन्हा फुगली आणि शेवटी वासरू शेपूट वर करून ताठ उभं राहिलं, मधे काही घडलंच नाही अशा थाटात.

माझ्या पाठीमागे पेडणेकर फिस्सकन हसले. डाव्या हातात पेन्सिल फिरवत उभे होते.

"वासरू जन्माला घालताय की धुणं पिळताय हो, लोहार?"

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. पुण्यात टिळक रोडवर एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर सबनीस सरांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे तीन कॉम्प्युटर, एक फाटका सोफा आणि पेडणेकरांचं चित्रं काढायचं तिरकं टेबल. टीव्हीवरच्या मालिकांची नावं आणि छोट्या जाहिराती आम्ही बनवायचो. पेडणेकर वीस वर्षं हातानं चित्रं काढत आलेले. मी सात महिन्यांपूर्वी लागलेली, प्रोग्रॅम लिहिणारी, कोल्हापूरची.

आणि काम आलं होतं कोल्हापूरकडूनच. तिकडच्या एका दूध संघाचं चिन्ह बदलणार होतं. जुनं चिन्ह चरवी, नवं चिन्ह वासरू. चेअरमन रंगराव इंगवले यांची एकच अट होती. दहा सेकंदांच्या जाहिरातीत चरवीचं वासरू झालं पाहिजे, आणि ते लोकांच्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीनं त्यांना नमुना दाखवला होता. त्यात चरवी विरत जायची आणि तिच्या जागी वासरू उगवायचं. चेअरमन म्हणाले होते, "हे तर भूत झालं. आमची चरवी मेली आन् वासराच्या अंगात आली, आसं वाटतंय." म्हणून ते आमच्याकडे आले. आमचंही नाही जमलं तर गुपचूप मुंबईचंच घेणार होते.

सबनीस सरांनी त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "आमच्याकडे एक मुलगी आहे. तिनं यासाठी प्रोग्रॅम लिहिलाय." 

लिहिला होता, खोटं नाही. कल्पना तशी साधी. चित्राच्या कडेवर लेखणी फिरवायची. ती लेखणी तारेनं कॉम्प्युटरला जोडलेल्या पाटीवर चालते आणि कडेचे दोनशे ठिपके क्रमानं आत जातात. दुसऱ्या चित्राचेही दोनशे. मग पहिल्याचा एक नंबर दुसऱ्याच्या एक नंबरकडे चालत निघतो, दोन दोनकडे, तीन तीनकडे. सगळे एकदम निघतात आणि एकदम पोचतात. चौकोनाचा गोल झाला होता, पानाची चांदणी झाली होती, आंब्याची होडी झाली होती. डझनभर आकार मी स्वतः गिरवून पाहिले होते. एकदासुद्धा माती खाल्ली नव्हती. आणि आता ऐन मोक्याच्या वेळी, वासरानं मला तोंडघशी पाडलं.

"हेमलता, आज गुरुवार," सबनीस सर म्हणाले. "सोमवारी अकराला इंगवले येतायत. मला स्पष्ट सांग. होणार आहे का?"

"अहो, कशाला त्या पोरीला पिडताय," पेडणेकर म्हणाले. "मशीनला काय कळतंय जनावर म्हणजे काय. मी हातानं काढतो मधली चित्रं. बारा-चौदा होतील सोमवारपर्यंत. थोडे हिसके बसतील, पण वासरू वासरासारखं दिसेल."

त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, हे आज कळतं. तेव्हा मात्र माझं डोकं सणकलं. आमच्याकडच्या पोरी बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. पुण्यात येऊन मी ते कष्टानं सोडलं होतं. पण राग आला की सगळं पुणं गळून पडायचं.

"सोमवारी अकराला चेअरमनसमोर हेच मशीन वासरू काढंल," मी म्हणाले. "नाही काढलं, तर बारा वाजता मी राजीनामा देतो!"

"देते," सबनीस सर हळूच म्हणाले.

"देतो!"

शब्द तोंडातून गेला तो गेला. पेडणेकरांनी खांदे उडवले, कोरा कागद टेबलावर लावला आणि डाव्या हातानं पहिली चरवी काढायला घेतली.

शुक्रवार सगळा मी हिशेब तपासण्यात घालवला. हिशेब म्हणजे प्रोग्रॅममधला. एकेक ओळ, एकेक बेरीज. कुठं चूक असेल तर सापडावी ना! चूक नव्हतीच. चौकोन पुन्हा लावला, त्याचा गोल झाला. आंबा लावला, होडी झाली. चरवी लावली, चिंधी झाली. संध्याकाळी मी खोलीवर आले आणि सगळे कपडे मोठ्या पिशवीत भरले. सोमवारी नोकरी जाणारच होती. मग आधी घरी जाऊन सांगून टाकावं, उगाच दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको. शनिवारी सकाळची एसटी धरली.

घरी सांगायचं म्हणजे आबांना सांगायचं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील महिपती लोहार, कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्याचं काम करत. नरसाळी, धान्याच्या कोठ्या, गिरण्यांचे हॉपर. वरून धान्य ओतायला चौकोनी तोंड, खाली मशीनवर बसायला गोल. चौथी शिकलेला माणूस, पण सांगलीपासून निपाणीपर्यंत गिरणीवाले त्यांच्याकडे यायचे. माझं काम काय आहे हे मात्र त्यांना कधी समजलं नव्हतं. कुणी विचारलं तर ते सांगायचे, "पोरगी पुण्यात कॉम्प्युटर दाबती." मला ते लागायचं. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला होता, दोनदा. दुसऱ्यांदा ते मध्येच म्हणाले होते, "आसंल बाई काय तरी," आणि हातोडा उचलला होता.

मी घरी न जाता थेट दुकानात गेले. आबा जमिनीवर पोतं टाकून बसले होते. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे आणि मग पिशवीकडे.

"आलीयास? पिशवी मोठी आनलीस."

"हं."

"जेवलीस?"

"भूक न्हाई."

"बरं. मंग धर जरा ह्ये. गडी आज आला न्हाई आन् मला जवळचं दिसंना झालंय."

त्यांच्या हातात पत्र्याच्या पट्टीची दोन कडी होती, वितीएवढी. एक चौकोनी, एक लांबट गोल. दोन्हींना कडेनं बारा-बारा भोकं पाडलेली. हा आबांचा स्वतःचा नमुना होता. साधं नरसाळं असलं तर ते डोक्यातच मांडायचे. पण तोंड एकीकडे आणि बूड दुसरीकडे असं अवघड काम आलं, की आधी अशी दोन कडी करायची, एकाच्या भोकातून दुसऱ्याच्या भोकात दोरे ताणायचे आणि पत्रा कसा वळेल ते दोऱ्यांवर बघायचं. पत्रा कापायचा तो त्यानंतर. लहानपणी आम्हा भावंडांना हे दोरे ओवायला बसवायचे.

"ये, हितं शेजारी बस," आबा म्हणाले.

माझे डोळे भरून आलेले. शेजारी बसले असते तर त्यांना दिसलं असतं. मी मुकाट्यानं समोर, हातभर लांब बसले आणि चौकोनी कडं तोंडासमोर धरलं.

"शेजारी बस म्हनलं की."

"हितंच बरं हाय मला."

आबा म्हणाले, "बरं, शिवण वर धर. शिवणीला एक नंबर घाल. खडू घे. तितनं उजव्या हाताला मोजत जा बारापतुर. मी माझं मोजतो."

पत्र्याची दोन टोकं जिथं एकमेकांत अडकवून ठोकतात तिला ते शिवण म्हणत. ती कुठं येणार हे ठरल्याशिवाय आबा खडूसुद्धा हातात घेत नसत. मी शिवण वर धरली, एक घातला, उजवीकडे दोन, तीन, चार... बारा. समोर आबांनीही त्यांच्या गोल कड्यावर बारा नंबर घातले. मग आबा नंबर म्हणायचे आणि मी दोरा ओवायची. एकाला एक. दोनाला दोन. माझं लक्ष कुठं होतं देव जाणे. सोमवारी सबनीस सरांना काय तोंड दाखवायचं, खोलीची चावी कुणाकडं द्यायची, असलंच सगळं डोक्यात. बारा दोरे झाले.

"आता वढ मागं," आबा म्हणाले.

दोघांनी आपापलं कडं मागे ओढलं. दोरे ताणले गेले. आणि त्यांच्यात पत्र्याचं नरसाळं दिसायच्या ऐवजी, बरोबर मधोमध, सगळे दोरे एकमेकांना कापत एका उभ्या रेषेत चेपले गेले.

ही तीच चिंधी होती. गुरुवारपासून मी जी पडद्यावर बघत होते तीच, इथं सुतळीची होऊन माझ्या आणि आबांच्या मधे लोंबत होती.

आबा मात्र गदागदा हसायला लागले. "घ्या! घातला का घोळ! तरी म्हनत हुतो शेजारी बस. अगं येडे, तुझा उजवा हात हिकडं, माझा उजवा हात तिकडं. तू तुझ्या उजव्या अंगानं मोजलंस, मी माझ्या. दोघं बरोबर, आन् काम पार वाटोळं! म्हनून मापाला कदी समोर बसायचं न्हाई."

लहानपणापासून हे वाक्य मी ऐकत आले होते. मापाला समोर बसायचं नाही. आबांच्या दुकानात गडी कायम त्यांच्या शेजारीच बसलेला असायचा. मला वाटायचं, त्यांची काहीतरी जुनी रीत असेल, बुधवारी नवा पत्रा कापायचा नाही तसली. 

"आबा," मी म्हणाले, "पेडणेकर डावखुरा हाय!"

"कोन पेडणेकर?"

"डावखुरा हाय ओ! चरवी मी गिरवली, वासरू त्यानं गिरवलं! बाकीचं समदं मीच गिरवलं हुतं, म्हनून तर त्ये जुळलं! चित्र पुरं झाल्यावर कुनी कुठल्या हातानं काढलं ते कुठं दिसतंय? माझे ठिपके एका अंगानं चालल्यात, त्याचे उलट्या अंगानं!"

मी उभीच राहिले होते. शेजारच्या लेथवाल्यानं मान बाहेर काढून बघितलं. आबांनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिलं, आणि मग शांतपणे म्हणाले, "खाली बस. आन् हितं बस. शेजारी. पयल्यापास्नं सांग."

मी शेजारी बसले. खडूनं फरशीवर चरवी काढली, वासरू काढलं, ठिपके काढले. पहिल्यांदाच असं झालं की आबांनी मध्ये हातोडा उचलला नाही. माझं सांगून झालं तेव्हा त्यांनी चरवीवर बोट ठेवलं.

"हिची शिवण कुठं?"

"शिवण?"

"म्हंजे तुझा एक नंबर. कुठनं चालू करतीस?"

"जिथनं लेखणी टेकली तिथनं."

"आन् त्यो डावखुरा?"

मला काय माहीत! मी कधी विचारलंच नव्हतं. 

"मंग नुसती दिशा फिरवून काय हुतंय," आबा म्हणाले. "तुझी शिवण मुंडीला आन् त्याची पायाला आसली तर पत्रा पिरगाळंल. आदी शिवण ठरव. दोघांची येकच." त्यांनी चौकोनी कड्यावरचे माझे नंबर पुसले आणि दोरे सोडवून नव्यानं ओवायला घेतले. या वेळी नरसाळं झालं, पण चौकोनाचे कोपरे कसेतरीच, दबलेले. "हे बघ. येकसारखं वाटत गेलं की कोपरं मरत्यात. नंबर कोपऱ्यावर येत न्हाई, बाजूला पडतोय. कोपरा कुठं न्यायचा त्ये आदी ठरवायचं. त्याला दोरा द्यायचा. मंग ऱ्हायल्याली भोकं मधल्या मधल्यांना वाटून द्यायची. ह्या वासराला कोपरं किती?"

मी मोजले. दोन कान, नाक, चार खूर, शेपटीचं टोक.

"आन् चरवीला?"

"काठाची दोन टोकं. बुडाची दोन."

"मंग काठाचं कान कर," आबा म्हणाले. "बुडाचं पाय. सोपं तर हाय."

सोपं तर हाय! दोन दिवस मी जेवले नव्हते. मी हसायला लागले आणि हसता हसता रडलेही. आबांनी बघितलं, पण त्यांना ते बघायचं नव्हतं, म्हणून ते दोऱ्यांकडे बघत राहिले.

रविवारी दुपारच्या एसटीला ते मला सोडायला आले. मी मोठी पिशवी आईपाशी ठेवून निघाले होते, ती त्यांनी स्वतः उचलून आणली होती.

"राहू दे की हितं, जड हाय," मी म्हणाले.

"घिऊन जा. कापडं तितं लागत्यात," आबा म्हणाले आणि पिशवी खिडकीतून आत दिली. मी त्यांना राजीनाम्याचं काही सांगितलंच नव्हतं.

सोमवारी आठ वाजता मी स्टुडिओत पोचले. पेडणेकर आधीच आलेले, डोळे लाल. टेबलावर चौदा कागद ओळीनं मांडलेले. चरवीचं वासरू, हातानं.

"पेडणेकर, एक काम करा," मी म्हणाले. "तुमचं वासरू पाटीवर पुन्हा गिरवून दाखवा. नेहमी गिरवता तसंच. मला फक्त बघायचंय."

"आता? कशाला?"

"गिरवा हो! पाया पडतो तुमच्या!"

त्यांनी लेखणी घेतली. डाव्या हातात. टेकवली ती शेपटीच्या टोकावर, आणि तिथून पाठीवरून न जाता मागच्या पायावरून खाली निघाली. मी चरवीच्या काठाच्या मधोमधून सुरू करून उजवीकडे गेले होते. हे बरोबर उलट.

"तुम्ही शेपटीपासून का सुरू करता?"

"जनावर मी शेपटीपासूनच काढतो. आधी तोंड काढलं की ते माझ्याकडे बघत बसतं, मग हात चालत नाही," पेडणेकर अगदी सहज म्हणाले. 

मी ठिपक्यांची यादी उलटी केली. एका ओळीचं काम होतं. लावून बघितलं. चिंधी झाली नाही! पण चरवीनं हवेत कोलांटी मारली आणि वासरू पाठीवर पडता पडता कसंबसं उभं राहिलं. पेडणेकर आता हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसले.

"शिवण," मी म्हणाले.

"काय?"

"दोघांची एकच पाहिजे. चरवीच्या काठाचा मध्य. वासराचं काय घ्यायचं?"

पेडणेकरांनी पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "कपाळ. दोन कानांच्या मधे. तिथं भोवरा असतो."

कपाळावर एक नंबर आला. मग काठाची टोकं कानांना दिली, बूड खुरांना दिलं, चरवीचं पोट वासराच्या पोटाला. उरलेले ठिपके मधल्या मधे वाटायचा प्रोग्रॅममधला भाग नव्यानं लिहावा लागला, तो लिहिताना मी दोनदा चुकले. कुठला बाक कशाला द्यायचा हे पेडणेकर सांगत होते, आणि एकदाही चुकले नाहीत. पावणेअकराला सबनीस सर आत डोकावले. 

"झालं?"

"अजून बघितलं नाही," मी म्हणाले.

"अगं, ते खाली आलेत!"

जिन्यावर जड पावलं वाजली. चेअरमन रंगराव इंगवले आत आले. पांढरे कपडे, मोठा देह, सोबत कुणी नाही. सोफ्यावर बसले तसा सोफा कुरकुरला. त्यांनी चहा नको म्हणून हात हलवला आणि म्हणाले, "दावा."

चालवून न बघितलेली गोष्ट गिऱ्हाइकाला दाखवायची नसते. आबा नरसाळं आधी पाणी ओतून बघायचे, मगच दुकानाबाहेर काढायचे. मला वेळच नव्हता. मी बटण दाबलं.

हिरव्या पडद्यावर चरवी उभी राहिली. हलली. काठाची दोन टोकं हळूहळू वर यायला लागली, टोकदार झाली आणि कानांसारखी टवकारली. गळा लांबला. बुडाला खाचा पडल्या आणि त्यांतून चार पाय खाली उतरले. एका बाजूनं शेपटी निघाली, वर गेली आणि टोकाशी वळली. कुठं पीळ नाही, कुठं सुरकुती नाही. वासरू चार पायांवर उभं राहिलं.

चेअरमन पुढे झुकले.

"पुन्हा."

मी पुन्हा लावलं.

"आता मधीच थांबवा. बरोबर अर्ध्यात."

सबनीस सरांनी डोळे मिटले. मुंबईच्या नमुन्यात अर्ध्यावर थांबवलं की दोन भुतं दिसायची. मी मोजून बरोबर अर्ध्यावर थांबवलं. पडद्यावर कान टवकारलेली, चार आखूड पायांवर उभी, गोल पोटाची एक चरवी आमच्याकडे बघत होती. तिला किंचित शेपूटसुद्धा होतं.

चेअरमन इतके मोठ्यानं हसले की खालच्या दुकानदारानं वर पाहिलं असेल. "आयला! आसलं जनावर गोठ्यात पायजे! धार काढायची, तर भांडं शोधायला नको!" हसू आवरल्यावर त्यांनी डोळे पुसले. "पक्कं झालं, सबनीस. हेच घ्यायचं. कुनी केलं हे?"

सबनीस सर तोंड उघडणार, तोवर पेडणेकर बोलले. "ह्यांनी. लोहार."

"लोहार? कुठल्या?"

"उद्यमनगर," मी म्हणाले. "महिपती लोहारांची मुलगी."

"हॉपरवाल्या महिपतीची? अरे तिच्या! आमच्या पशुखाद्याच्या कारखान्याला सगळी नरसाळी त्याचीच हैत. मंग बरोबर हाय!" असं म्हणून ते उठले. त्यांना ते का बरोबर वाटलं, कोण जाणे. पण त्यांच्याइतकं बरोबर त्या दिवशी कुणीच बोललं नाही.

ते गेल्यावर पेडणेकरांनी आपल्या चौदा चित्रांतलं सातवं उचललं आणि पडद्यावरच्या अर्ध्या वासराशेजारी धरलं. जवळजवळ सारखंच होतं. तेच कान, तेच आखूड पाय. बराच वेळ ते दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी तिरकस येणार. 

"लोहार," ते म्हणाले, "पुढच्या वेळी कुठून सुरू करू?"

मी त्यांच्या हातातला कागद घेतला, वासराच्या कपाळावर ठिपका दिला आणि बाजूला बाण काढला. त्यांनी तो कागद टेबलामागच्या भिंतीला टाचणीनं लावला. पुढे अकरा वर्षं आम्ही दोघांनी मिळून काम केलं, आणि त्यांनी प्रत्येक जनावर त्या ठिपक्यापासून, त्या बाणाच्या बाजूनं गिरवलं. कुरकुर मात्र दर वेळी केली.

घड्याळात बारा वाजले तेव्हा सबनीस सर मुद्दाम माझ्या टेबलापाशी आले. "काय मग, राजीनामा देते की देतो?"

"देत नाही," मी म्हणाले.

जाहिरात महिन्याभरानं लागली, संध्याकाळच्या बातम्यांच्या आधी. मी त्यासाठी कोल्हापूरला गेले होते. आबा दुकान लवकर बंद करून, हातपाय धुऊन, टीव्हीसमोर सतरंजीवर बसले. चष्मा पुसून घातला. मला म्हणाले, "हितं बस. शेजारी."

चरवी आली. काठाचे कान झाले, बुडाचे पाय झाले, वासरू उभं राहिलं. दहा सेकंद. आई टाळ्या वाजवत म्हणाली, "अगं बाई, किती ग्वाड!" बातम्या सुरू झाल्या तरी आबा पडद्याकडेच बघत राहिले. चेअरमनसमोर नव्हती एवढी भीती मला त्या सतरंजीवर वाटत होती.

मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"शिवण कुठं घातलीस?"

"कपाळावर. दोन कानांच्या मधी."

त्यांनी मान हलवली. "लई बघितलं. दिसली न्हाई."

एवढंच बोलले आणि उठून अंगणात गेले. तिथं शेजारच्या घरातले कुणीतरी विचारत होते, महिपतराव, कसली ओ ही जाहिरात, पोरीनं केली म्हनं? मी दारामागून कान देऊन ऐकत होते. पुण्यात कॉम्प्युटर दाबती, हे ऐकायची तयारी ठेवली होती.

"व्हय," आबा म्हणाले. "आमचंच काम करती."